प्रोटीनच्या वडीला मुंग्या

...कवळी! अहो, माझी कवळी अडकली त्या वडीत! वरची! हसा, हसा, तुमच्या तोंडातले दात तुमचे आहेत ना, म्हणून हसताय. तुम्हाला सांगते, चार वाजता तोंडात घातलेली वडी साडेचारला अजून तोंडातच, अर्धी या गालात, अर्धी त्या गालात, आणि समोर साहेब चष्मा लावून बसलेत आणि विचारतायत, "गयाबाई, कडक आहे की चिवट? विचार करून सांगा." आता काय सांगू? बोलायला तोंड मोकळं नको? मी आपली मान हलवली. तर म्हणतात, "मान हलवून कसं चालेल? अमेरिकेला कळवायचंय!" घ्या! वांगणीला शेतात जन्म गेला माझा, म्हशीपुढं पेंड टाकली तर म्हशीला कधी कुणी विचारलं नाही बाई कडक लागते की चिवट, आणि इथं बदलापुरात तिसऱ्या मजल्यावर माझी परीक्षा! आणि ती वडी... चावता चावेना, गिळता गिळेना!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल म्हातारीला लागली अमेरिकेची चटक. चटक कसली! सगळं त्या साहेबांपायी.

साहेब म्हणजे श्यामकांत साहेब, आमच्या समोरच्या दारातले. मांजर्लीत नदीच्या अंगाला आमची बिल्डिंग, एका मजल्यावर दोन दारं, एक माझ्या शंकरचं, एक साहेबांचं. माझा मुलगा आणि सून अंजनी सकाळी दोघं कामाला जातात ते अंधार पडल्यावर येतात, म्हणजे दिवसभर त्या मजल्यावर माणसं किती? दोन. एक मी आणि एक साहेब. बाकी कबुतरं.

साहेब अंबरनाथच्या कारखान्यात पस्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. म्हणजे बाकीच्यांनी माल बनवायचा आणि यांनी त्यात खोट काढायची. पास, नाहीतर नापास, तिसरं काही नाही. माणूस निवृत्त झाला पण खोट काढायचं कुठं निवृत्त होतंय? दूधवाला आला की दूध उजेडात धरून बघणार. पाव आणला की सहाच्या सहा पाव एका उंचीचे आहेत का बघणार. औषधाच्या बाटलीवरची ती बारीक अक्षरं, जी छापणाऱ्यानंसुद्धा वाचली नसतील, ती हे भिंग घेऊन वाचणार, आणि वाचून झाल्यावर मला बोलावून समजावणार! मला! मी म्हणायची, "साहेब, मला सही करायला अंगठा लागतो, मला कशाला सांगता?" तर म्हणायचे, "दुसरं आहे कोण सांगायला?" बरोबर आहे म्हणा. बायको सुहासिनीवहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती एक मुलगी वृंदा, ती अमेरिकेत. मग सांगणार कुणाला, कबुतरांना?

तर या साहेबांना झाली साखर.

उल्हासनगरला कॅम्प चारात त्यांचे डॉक्टर, सिंधी, मोठा गोड माणूस, पण बोलणं म्हणजे एकेक घाव! साहेबांचा कागद बघितला आणि म्हणाले, "काका, आज से चावल बंद. रोटी बंद. आलू बंद, शक्कर बंद, आम-चीकू सब बंद!" साहेब म्हणाले, "मग चालू काय?" तर म्हणे, "अंडा, पनीर, चना, हरी भाजी. जिसमें प्रोटीन है वो खाओ. जिसकी शक्कर बनती है वो छोड़ो." ऐकलंत? साठ वर्षं जो माणूस वरणभाताशिवाय ताटावर बसला नाही, ज्याला भाताची शितं मोकळी नसतील तर बायकोला म्हणायचा "आजचा लॉट बरा नाही", त्याला म्हणतात अंडं खा!

आणि अंडं त्या घरात कधी शिरलेलं नाही. तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय, साहेब अंडं उकडायच्या आधी काय करायचे? सुहासिनीवहिनींचा भिंतीवरचा फोटो उलटा फिरवायचे! तोंड भिंतीकडे! मग गॅस पेटवायचे, अंडं उकडायचे, उभ्याउभ्या दोन घासांत संपवायचे, खिडक्या उघडायचे, उदबत्ती लावायचे, आणि मग फोटो सरळ. मी म्हटलं, "अहो, वहिनींना काय कळणार नाही होय?" तर म्हणाले, "कळेल हो. पण समोरासमोर नको."

मग मीच रोज वाटीभर उसळ द्यायला लागले. मटकीची, मुगाची, चवळीची. जेवत होता माणूस निमूट. निमूट म्हणजे किती निमूट? आमच्या दारातून त्यांच्या चमच्याचा आवाज ऐकू येई, इतका. आणि हे सगळं समजलं वृंदाला, आणि तिनं तिकडून काय धाडलं? वड्या!

तिच्या मैत्रिणीचा भाऊ आला डोंबिवलीत, त्यानं ते खोकं आणून पोचवलं. चोवीस वड्या! चकचकीत कागद, वर दंड फुगवलेला एक उघडा गडी, आणि मोठ्या अक्षरात काय लिहिलंय म्हणे? प्रोटीन! सोबत चिठ्ठी. साहेबांनी ती मला तीनदा वाचून दाखवली. "बाबा, डॉक्टरांनी प्रोटीन सांगितलंय ना? इथं सगळे डाएटवाले हीच खातात. रोज चार वाजता एक. रविवारी सांगा कशी लागली."

आता हे रविवारचं सांगते. वृंदाचा फोन रविवारी सकाळी आठला. साहेब सातपासून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसलेले. अहो, फोनमध्ये शर्ट दिसतो का? पण बसायचे. आणि फोन काय व्हायचा? साहेब एवढ्या मोठ्यानं बोलतात की अमेरिकेला तारेशिवाय ऐकू जावं, मला तर पाठच झाला होता. "हॅलो! हो! बरा आहे! घेतो! हो, वेळेवर घेतो! तुझ्याकडे थंडी आहे का? हो का? बरं! ठेवू? ठेव." संपला! आठवडाभराची दाढी तीन मिनिटांत संपली! मग साहेब उगाच रिसीव्हर फडक्यानं पुसत बसायचे.

आणि वड्या आल्यावर? काय सांगू तुम्हाला! "हॅलो! हो, खाल्ली! काल शेंगदाण्याची! नाही नाही, चॉकलेटची परवा! अगं, पहिला चावा कडक आहे, पण मग मऊ येते! काय? तुझा लेक पण खातो? तोच स्वाद? त्याला विचार ना, त्याला आवडतो का तो! आजोबांनापण आवडला म्हणावं!" अकरा मिनिटं! मी घड्याळ बघायचे. तिकडे नातू आजोबांशी बोलायला लागला हो, जो कधी फोनवर यायचा नाही! नातवाला मराठी येत नाही, आजोबांचं इंग्रजी कारखान्यातलं, पण वडीवर दोघांचं एकमत!

आणि रोज चारला तो सोहळा. ताटली घ्यायची, वडी मधोमध ठेवायची, सुरीनं आठ सारखे तुकडे करायचे, सारखे म्हणजे फूटपट्टी लावून! मग एकेक तुकडा चघळत बसायचं. मला एक द्यायचे. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "साहेब, हे गोड आहे." तर म्हणाले, "प्रोटीनची चव तशी असते." मी म्हटलं, असेल बाई. शिकलेला माणूस, अमेरिकेचा माल, मी कोण सांगणारी? पण ते दातांना असं धरून बसतं ना... चावता चावेना, गिळता गिळेना!

दोन महिने गेले, दुसरं खोकं संपलं, तिसरंही सुरू झालं, आणि साहेबांच्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा पट्टा लागला. एवढंसं. तांदळाएवढं. हळद लावली, मलम लावलं, बरं होईना. उलट कडेनं काळं दिसायला लागलं. मीच म्हटलं, चला डॉक्टरकडे, आणि सोबत गेले, कारण त्यांना रिक्षातून उतरता येईना.

डॉक्टरनं अंगठा बघितला, रक्त काढलं, कागद आला, आणि त्या गोड माणसाचं तोंड कडू झालं. "काका! शुगर तीन सौ के ऊपर! क्या खाते हो? सच बोलो साईं!" साहेब म्हणाले, "डॉक्टर, भाताचं शीत नाही शिवलो." "रोटी?" "नाही." "शादी-ब्याह में गए थे?" "कुणी बोलावलंच नाही." मग डॉक्टरनं मान वळवली आणि बघितलं कुणाकडं? माझ्याकडं! "मौसी, सच बोलना, आप प्यार में चावल खिला देती हो ना?" मी! अहो, मी! त्या दवाखान्यात बाकावर वीसेक माणसं, सगळी माझ्याकडे बघतायत, जशी काही मी पदराखाली पातेलं घेऊन आले होते! मी म्हटलं, "डॉक्टरसाब, माझ्या शंकरची शपथ, उसळीशिवाय काय दिलं नाही!" तर म्हणे, "तो फिर उसल भी आधी करो." आणि साहेबांना म्हणाले, एकदम हळू आवाजात, "काका, पंधरा दिन. शुगर नीचे नहीं आई तो ये अंगूठा निकालना पड़ेगा. और बात अंगूठे पे रुकेगी, ये मैं लिख के नहीं दूँगा."

 परतताना रिक्षात चिखलोली गेलं तेव्हा साहेब म्हणाले, "वृंदाला अंगठ्याचं कळवायचं नाही हं, गयाबाई." मी म्हटलं, "का? येईल तरी." तर म्हणाले, "घाबरून आलेली नको. दिवाळीला येणार आहे ती तशीही. खुशीनं येऊ दे."

मग उसळ अर्धी झाली. साहेब उपाशी. गालफडं बसली. पण चार वाजता वडी? ती चालूच! ती औषध ना! सगळं सुटलं, ती तेवढी सुटली नाही.

माझ्या मात्र डोक्यात किडा. माझ्यावर आळ आला होता, तो मी अशी कशी घेऊन बसणार? साखर येते कुठनं? मी त्यांचं स्वयंपाकघर पालथं घातलं. तांदळाचा डबा रिकामा, वर कोळ्याचं जाळं. साखरेचा डबा धुऊन पालथा. गूळ नाही, मध नाही, बिस्किट नाही. आणि तेवढ्यात मला दिसली... रांग.

मुंग्यांची! खिडकीच्या फटीतून आत, भिंतीवरून खाली, ओट्याच्या कडेनं, चण्याचा डबा उघडा पडलेला त्याच्याकडे ढुंकूनही न बघता, थेट फडताळात. फडताळात काय? वड्यांचे कागद! साहेब कागद टाकून देत नाहीत, चपटे करून गठ्ठा करून ठेवतात, त्या गठ्ठ्यावर ही गर्दी!

मी म्हटलं, आता बघू. एका बशीत मूठभर उकडलेले मूग, एका बशीत अंड्याचा पांढरा तुकडा, एका बशीत वडीचा तुकडा. तिन्ही बशा खिडकीत मांडल्या आणि स्टूल घेऊन बसले. तुम्हाला सांगते, त्या काळ्या बारक्या मुंग्यांना कुणी शाळेत घातलेलं नाही, पण गोडाचं त्यांच्याएवढं कुणाला कळत नाही. माझी सासू म्हणायची, कुणाला साखरेचा आजार आहे का ते न्हाणीत मुंग्या जमल्या की कळायचं, तेव्हा कुठला डॉक्टर आणि कुठला कागद! अर्ध्या तासात काय झालं? मुगाच्या बशीत एक मुंगी, तीही रस्ता चुकलेली. अंड्याच्या बशीत शून्य. आणि वडी? वडी दिसेनाच! नुसता काळा ढीग, हलणारा!

ती बशी तशीच उचलली आणि ठेवली साहेबांपुढं. म्हटलं, "साहेब, हा घ्या माझा रिपोर्ट. आता या कागदावर मागं बारीक काय छापलंय ते वाचा."

साहेबांनी बशीकडे बघितलं. चष्मा हातात होता, पण लावला नाही. भिंगाकडे हात गेला नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं हो... जो माणूस पावाची उंची मोजतो, तो हे वाचल्याशिवाय राहील?

मी म्हटलं, "तुम्ही वाचलंय."

तर कागद न बघता, पाठ केलेल्या श्लोकासारखं म्हणाले, "तांदळाचा पाक. मक्याचा पाक. साखर. तांदळाचे चुरमुरे. मग शेंगदाणे. प्रोटीन दहा ग्रॅम. आणि भाता-पोळीतलं जे पुढं साखर होतं ते पंचेचाळीस ग्रॅम. म्हणजे तीन फुलके, गयाबाई, एका वडीत."

"तांदूळ?" मी ओरडलेच! "इथं भात बंद, आणि अमेरिकेचा भात चालू? दोन महिने?"

"पहिल्या दिवशीच वाचलं होतं."

"मग? पस्तीस वर्षं लोकांचा माल नापास केलात, हाच कसा पास झाला?"

साहेबांनी बशी हळूच बाजूला सरकवली. मग म्हणाले, "माल नाही बघितला हो. पाठवणारी बघितली. वडीच्या आधी तीन मिनिटं बोलायची. आता अकरा बोलते. खात नाही म्हटलं, तर बोलू काय?"

आता याच्यावर काय बोलणार, सांगा ना! शिव्या द्याव्यात तर तोंड उघडेना, गप्प बसावं तर राहवेना. नुसतं ते वडीसारखं... चावता चावेना, गिळता गिळेना!

शेवटी मीच चिडले. म्हटलं, "साहेब, तुमचा अंगठा राहिला पाहिजे. वडी खायची नाही. आणि पोरीला सांगायचं खाल्ली म्हणून. झालं!" तर हे ताठ बसले. "खोटा रिपोर्ट? न तपासलेल्या मालावर मी कधी सही केलेली नाही." अहो, पाय जायची वेळ आली तरी सही खरी पाहिजे! मग म्हटलं, "बरं, मी खाते. तुम्ही मला विचारा, मी सांगते, ते तुम्ही तिला सांगा. झाली तपासणी!"

तर तेव्हापासून ही माझ्या कवळीची दशा! रोज चार वाजता मी खुर्चीत, समोर साहेब मुगाची वाटी घेऊन, आणि प्रश्न! "सुरुवातीला काय जाणवलं? मधे काय? जिभेवर शेवटी काय राहिलं?" आणि रविवारी फोनवर काय सांगतात ऐका, 'खाल्ली' म्हणत नाहीत हं, शब्दाला पक्के! म्हणतात, "कालची वडी चारला उघडली, साडेचारला संपली! चॉकलेट जरा जास्त आहे असं मत आहे!" कुणाचं मत, ते सांगत नाहीत. बारा मिनिटं गेला परवाचा फोन.

आणि पंधरा दिवसांनी गेलो डॉक्टरकडे. साखर दीडशे! अंगठ्याच्या कडेनं गुलाबी चामडी धरायला लागलेली! डॉक्टर म्हणाले, "वाह काका! अंगूठा बच गया!" आणि माझ्याकडे बघून, "मौसी ने चावल बंद किया, देखा!" घ्या! आळ काही गेला नाही माझ्यावरचा. पण म्हटलं जाऊ दे. त्या दिवशी साहेब रिक्षात गाणं गुणगुणत होते.

रविवारी फोन आला. साहेबांना राहवतंय थोडंच? पहिल्यांदा हेच, "वृंदा, साखर उतरली! दीडशे!" आणि तिकडून पोर एवढी आनंदानं ओरडली की मला दारात ऐकू आलं. "बघा बाबा! मी म्हटलं नव्हतं? वड्या लागू पडल्या!" साहेब हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आणि मग ती म्हणाली... अहो, तिचा तरी काय दोष, तिला काय ठाऊक... म्हणाली, "बाबा, खरं सांगू? तुमच्या साखरेच्या काळजीनंच मी दिवाळीला यायचं ठरवलं होतं. आता तब्येत छान आहे म्हटल्यावर यंदा नाही येत, लेकाची शाळा बुडते. त्यापेक्षा मोठं खोकं पाठवते! अठ्ठेचाळीस वड्या!"

मी दारातून हातवारे करतेय, सांगा, सांगा खरं, अंगठ्याचं सांगा, वडीचं सांगा, काहीही सांगा! साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाले, "हो हो, पाठव. शेंगदाण्याच्या जास्त घाल."

रिसीव्हर ठेवला. पुसला. मी म्हटलं, "सांगितलं का नाहीत?" तर म्हणाले, "काय सांगू, गयाबाई? की बरा झालोय, म्हणून ये? त्याला कोण येतं?"

तर ते मोठं खोकं आलंय. एक म्हातारी अठ्ठेचाळीस वड्या कशा खाणार, सांगा? म्हणून मी साहेबांना म्हटलं, बिल्डिंगमध्ये वाटून टाकू, तपासणारी माणसं वाढतील, तेवढंच तुम्हाला फोनवर सांगायला. फुकट! अमेरिकेचा माल! अट एकच ठेवली. वडी साहेबांच्या घरीच बसून खायची, आणि कशी लागली ते दहा मिनिटं बसून त्यांना सांगायचं. साहेबांनी सहा खुर्च्या पुसून मांडल्या. इस्त्रीचा शर्ट घातला. चार वाजता आले की हो सगळे, जिन्यात रांग लागली! पहिल्या मजल्यावरचे, तळमजल्यावरचे, पोरंटोरं, सगळे आले. वड्या घेतल्या, "थँक्यू काका" म्हणाले, आणि गेले खाली चघळत.

खुर्च्या सहाच्या सहा रिकाम्या. मग काय करणार? मीच बसते. एकेका खुर्चीत एकेक तुकडा खाते, आणि सहा जणांचं मत देते!